‘वेअर’ची वीण

दुकानाच्या पाटीवर तो कपडा असतो, गॅरेजमध्ये झीज असतो आणि भाडेकरारात चक्क आपल्या खिशातला पैसा! रोजच्या वापरातल्या एका इंग्रजी शब्दाची ही उलटसुलट कहाणी.

कोणत्याही भारतीय शहरातला बाजाराचा रस्ता घ्या. इंदूरचा राजवाडा परिसर असो, बडोद्याचा मंगळबाजार असो की पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दर चार दुकानांमागे एका पाटीवर ‘वेअर’ हा शब्द हमखास दिसतो. मेन्स वेअर, लेडीज वेअर, किड्स वेअर, नाइट वेअर. साड्यांच्या दुकानात तर ‘डेली वेअर’ आणि ‘पार्टी वेअर’ अशा साड्यांच्या दोन जातीच ठरून गेल्या आहेत. पायात घालायचे ते ‘फूटवेअर’. इथवर सगळे सोपे वाटते. वेअर म्हणजे घालणे आणि वेअर म्हणजे घालायचे कपडे. शाळेत अनियमित क्रियापदांचा तक्ता पाठ करताना ‘वेअर-वोअर-वोर्न’ असे घोकलेले असते, तेही याच अर्थाने.

पण तोच शब्द रस्ता ओलांडून टायरच्या दुकानात जातो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. तिथला माणूस चाकावर अंगठा फिरवून सांगतो, “साहेब, एका बाजूने वेअर आहे, अलाइनमेंट करून घ्या.” घर भाड्याने घेताना करारनाम्यात ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ येते. मिक्सरच्या वॉरंटी कार्डावर अगदी बारीक अक्षरांत तेच लिहिलेले असते. आणि साठी उलटलेल्या आई गुडघा धरून हाडांच्या डॉक्टरांसमोर बसल्या की तेही एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणतात, “काही नाही, वेअर अँड टेअर आहे.”

अंगावर साडी चढवणे आणि गुडघा झिजणे, या दोन गोष्टींसाठी एकच शब्द कसा? आपल्याकडे या दोन्हींचा एकमेकींशी दुरूनही संबंध नाही. मग इंग्रजांनी त्या एकाच शब्दात का कोंबल्या?

आधी एक घोळ मिटवायला हवा. देवनागरीत आपण ‘वेअर’ लिहितो, त्यात इंग्रजीचे निदान तीन वेगवेगळे शब्द लपलेले असतात. ‘कुठे’ या अर्थाचा एक, ‘विकायचा माल’ या अर्थाचा दुसरा आणि आपल्या गोष्टीचा नायक असलेला डब्ल्यू-ई-ए-आर हा तिसरा. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या मिळतात, कपडे मिळत नाहीत, कारण तो ‘माल’वाला वेअर आहे. सॉफ्टवेअरही त्याच्याच घराण्यातले. इंग्लंडच्या ईशान्येला याच स्पेलिंगची एक नदी आहे. डरहॅमचे प्रसिद्ध कॅथीड्रल तिच्याच काठावर उभे आहे. पण तिचा उच्चार ‘विअर’ आणि तिचा कपड्यांशी काही संबंध नाही. ‘थकलेला’ या अर्थाचा ‘वेअरी’ हा शब्दही दिसायला सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचे मूळ वेगळे आहे.

वस्त्राचा दूरचा भाऊ

आता खऱ्या नायकाकडे वळू. जुन्या इंग्रजीत म्हणजे हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचे रूप ‘वेरियन’ असे होते. अर्थ एकच, वस्त्र अंगावर घेणे. याच कुळातल्या गॉथिक या लुप्त झालेल्या भाषेत त्याचे रूप ‘वस्यन’ असे सापडते. म्हणजे आज ज्या जागी ‘र’ ऐकू येतो, तिथे मुळात ‘स’ होता. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत अशा जागचा ‘स’ आधी ‘झ’सारखा आणि मग ‘र’ झाला.

आणि ‘वस्’ म्हटल्यावर मराठी कानांना काय आठवते? वस्त्र, वसन, विवस्त्र! संस्कृतातला ‘वस्’ म्हणजे पांघरणे, अंगावर घेणे. हा धातू आणि इंग्रजीचा ‘वेअर’ एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमधले ‘वेस्तिस’, म्हणजे वस्त्र, हेही त्याच गोतावळ्यातले. त्यावरून इंग्रजीत ‘व्हेस्ट’ आले. आता गंमत अशी, की बँकेत जो शब्द आपण रोज ऐकतो तो ‘इन्व्हेस्टमेंट’ हाही याच ‘वेस्तिस’चा वंशज आहे. ‘इन्व्हेस्ट करणे’ म्हणजे मुळात वस्त्र चढवणे. पुढे एखाद्याला अधिकाराची वस्त्रे देणे असा त्याचा अर्थ झाला. पैसे गुंतवणे हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि तोही पूर्वेकडच्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या व्यापाराच्या संदर्भात. भांडवलाला नवे रूप, जणू नवा कपडा चढवायचा, अशी त्यामागची कल्पना सांगतात.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा नातेवाईक वेगळाच आहे. ‘नेसणे’ हे आपले खास मराठमोळे क्रियापद संस्कृतातल्या ‘नि’ अधिक ‘वस्’ या रूपापासून, प्राकृताच्या वाटेने मराठीत आले, असे व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे आजी जे लुगडे ‘नेसत’ होती आणि लंडनमधली मडम जो कोट ‘वेअर’ करत होती, ती दोन्ही क्रियापदे हजारो वर्षांपूर्वी एकाच घरात नांदत होती. एक सिंधूकडे आले, दुसरे पश्चिमेला गेले. इतक्या प्रवासात दोघांची रूपे इतकी बदलली, की आज समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखणार नाहीत.

घालता घालता झिजले

मग झीज कुठून आली? याचे उत्तर अगदी घरगुती आहे. कपडा घातला की तो झिजतो. रोज अंगावर असलेल्या सदऱ्याची कॉलर आधी जाते, मग बाह्यांची टोके, मग कोपर. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सामान्य माणसाकडे अंगावरचा एखाददुसराच जोड असे आणि तो फाटेपर्यंत वापरावा लागे. ‘घालणे’ आणि ‘घालून घालून जुने करणे’ यांत फरक करावा असे फारसे काही उरतच नव्हते. म्हणून क्रियापद तेच राहिले आणि त्याचा अर्थ मात्र पसरत गेला.

एकदा कपड्यापुरता हा अर्थ रुळल्यावर तो कपड्याबाहेर पडला. पाण्याने दगड ‘वेअर’ होऊ लागला, पावलांनी पायऱ्या होऊ लागल्या. मग माणूसही. दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस इंग्रजीत ‘वोर्न आउट’ असतो, म्हणजे शब्दशः वापरून जुना झालेला. भुलीच्या इंजेक्शनचा अंमल उतरतो तेव्हा तेही ‘वेअर ऑफ’ होते. कंटाळवाणी दुपार हळूहळू सरकते, तेव्हा ती ‘वेअर ऑन’ होते. खेळण्याच्या दुकानासमोर मुलाने दहाव्यांदा भोकाड पसरले आणि वडिलांनी शेवटी पाकीट काढले, तर मुलाने वडिलांना ‘वेअर डाउन’ केले. तोच तो विनोद चौथ्यांदा ऐकला की तो ‘वेअर थिन’ होतो. म्हणजे विरतो. ही तर थेट कापडाचीच उपमा आहे.

आणि आता खरी गंमत. याच क्रियापदाचा अर्थ ‘टिकणे’ असाही आहे! कापड दुकानदार इंग्रजीत सांगतो, की हा कपडा चांगला ‘वेअर’ होईल, तेव्हा त्याला म्हणायचे असते की हा वर्षानुवर्षे टिकेल. ‘हार्ड-वेअरिंग’ म्हणजे आपल्या भाषेत टिकाऊ. झिजणे आणि न झिजणे, दोन्हीही एकाच शब्दात! ऐकणाऱ्याने मागचे-पुढचे शब्द पाहून काय ते ओळखायचे. ब्रिटनमधल्या बोलीत तर अजून एक अर्थ आहे. साहेब ही सबब ‘वेअर’ करणार नाहीत, म्हणजे ऐकून घेणार नाहीत, चालवून घेणार नाहीत.

अंगावर घालण्याच्या बाजूनेही हा शब्द कमी उदार नाही. इंग्रजीत माणूस कोट वेअर करतो, तसा चष्माही करतो, अत्तरही करतो, दाढीही करतो आणि चेहऱ्यावरचे हसूसुद्धा वेअरच करतो. केसांचा अंबाडा असेल तर तोही. थोडक्यात, माणसाच्या अंगावर जे जे दिसते ते ते सगळे या एका खुंटीला टांगलेले आहे.

एका खुंटीऐवजी अख्खी दांडी

मराठीत असे करून पाहा. कोणी म्हणाले, “तिने साडी घातली, गजरा घातला, कुंकू घातले,” तर ऐकणाऱ्याला हसू येईल. आपल्याकडे साडी नेसतात, शाल पांघरतात, ओढणी घेतात, फेटा बांधतात, कोट चढवतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, चष्मा लावतात, दाढी राखतात आणि जुन्या भाषेत दागिने लेतात. बांगड्या तर कासाराकडे ‘भरायच्या’ असतात. एका इंग्रजी क्रियापदासमोर आपली अख्खी दांडी भरलेली आहे.

हा नुसता थाट नाही, त्यामागे विचार आहे. न शिवलेले वस्त्र कमरेभोवती गुंडाळून, खोचून अंगावर घ्यायचे असेल तर ते नेसायचे. म्हणून साडी, लुगडे, धोतर आणि सोवळे ही नेसण्याची वस्त्रे. शिवलेल्या कपड्यात हातपाय सरकवायचे असतात, म्हणून तो घालायचा. खांद्यावरून सैल सोडायचे ते पांघरायचे. क्रियापदावरूनच कपड्याची जात कळते. म्हणून तर “आज मी साडी घातली” असे नात म्हणाली की आजी लगेच दुरुस्ती करते, “अगं, साडी घालत नाहीत, नेसतात. घालायचा तो तुझा ड्रेस!” महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी हिंदीच्या ‘पहनना’मुळे हे ‘घालणे’ अधिकच बसले आहे. पण आता आजीलाही कोड्यात टाकणारी वस्तू बाजारात आली आहे, ती म्हणजे तयार निऱ्यांची, चेन लावलेली शिवलेली साडी. तीत पाय घालून चेन ओढायची की झाले. हे नेसणे म्हणायचे की घालणे? आजीच्या नियमाप्रमाणे उत्तर ‘घालणे’च येते आणि नात बरोबर ठरते.

अशी बारकाई एकट्या मराठीचीच आहे असे मात्र नाही. जपानी भाषेतही सदरा किंवा किमोनो अंगात घालण्याला एक क्रियापद, विजार आणि बूट यांना दुसरे, टोपीला तिसरे आणि चष्म्याला आणखी वेगळे. इंग्रजी शिकणाऱ्या जपानी मुलाला हे सगळे एका शब्दात मावते याचे जेवढे नवल वाटत असेल, तेवढेच ते मराठी मुलालाही वाटायला हवे. पण आपल्याला तो शब्द इतका लहानपणी भेटतो की नवल वाटायचे राहून जाते.

झिजण्याच्या बाजूनेही मराठीचा हात असाच सढळ आहे. कापड आधी विरते, म्हणजे धागे विरळ होतात आणि उजेडासमोर धरले तर आरपार दिसते. मग ते फाटते. शिवण मात्र फाटत नाही, ती उसवते. लोखंड गंजते, लाकूड कुजते, सुरी बोथट होते, स्क्रूचे आटे जातात. चप्पल, साबण आणि सहाणेवरचे चंदन झिजते. घरोघरी पाटा-वरवंटा होता, तेव्हा पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. लुगडे मधोमध विरले की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडत. त्या जोडाला ‘दंड’ म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे पाहून घरची परिस्थिती शेजारणीला न सांगता कळे. तेही संपले की गोधडी. झीज व्हायची ती व्हायचीच, पण तिच्या प्रत्येक पायरीला वेगळे नाव होते आणि त्या त्या पायरीवर करायचे वेगळे काम होते.

एका बाबतीत मात्र मराठी झीज इंग्रजी झिजेपेक्षा फार वेगळी आहे. ‘वोर्न आउट’ माणूस म्हणजे बिचारा, संपलेला. आपल्याकडे माणूस चंदनासारखा झिजला म्हणजे तो मोठा झाला. मुलांसाठी, संस्थेसाठी, गावासाठी देह झिजवणे हा गौरव आहे. हे गौरवाचे झिजणे बहुधा आईच्याच वाट्याला का येते, हा प्रश्न अलीकडे विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. बाकी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवणे आणि नोकरीसाठी चपला झिजवणे, यांत कुणालाच गौरव वाटत नाही, ते सोडून द्या.

कपडा का झिजतो?

शब्द बाजूला ठेवून प्रत्यक्ष कपड्याकडे पाहिले तर झिजण्याची कारणे अगदी साधी आहेत. सर्वांत मोठे कारण घर्षण. कापडाचा कपड्याशी, त्वचेशी, खुर्चीशी, पर्सच्या पट्ट्याशी संबंध येतो आणि धाग्यातले सूक्ष्म तंतू तुटून बाहेर येतात. हेच तंतू वळून गोळा झाले की स्वेटरवर आणि मिश्र धाग्याच्या शर्टावर बारीक बोंडे दिसू लागतात. कापड किती घासणे सोसेल हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत मार्टिन्डेल नावाचे यंत्र वापरतात. त्यावर कापडाचा तुकडा दुसऱ्या खरखरीत कापडावर हजारो वेळा घासतात आणि धागा तुटेपर्यंत किती फेरे झाले ते मोजतात.

दुसरे कारण धुणे. इथे एक गोष्ट गृहिणींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुती धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो, म्हणून सुती कपडा दगडावर आपटूनही वर्षानुवर्षे टिकत असे. व्हिस्कोज रेयॉनचे नेमके उलटे आहे. ओले झाले की त्याची ताकद बरीच कमी होते. म्हणून रेयॉनचा कुडता पिळला की लवकर जातो. तिसरे कारण ऊन. कडक उन्हात तासन्‌तास पडलेला कपडा रंग तर सोडतोच, शिवाय धागाही कमकुवत होतो. रेशमाला तर हे फारच बाधते. रेशमी साडीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे घडी. ठेवणीतली पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली तर न नेसताही त्या रेघेवर चिरते. अधूनमधून घडी मोडून वेगळी घालायची, हा जुना सल्ला म्हणूनच आजही खरा आहे. न वापरताही वस्तू झिजते, हे मात्र ‘वेअर’ या शब्दात बसत नाही.

आता बाजाराची तऱ्हा पाहा. ज्या झिजेला लपवण्यासाठी रफूगाराला पैसे दिले जात, तीच झीज आज जास्त पैसे देऊन विकत घेतली जाते. नवी कोरी जीन्स दुकानातच फिकट, घासलेली, गुडघ्यावर फाटलेली मिळते. कुणीतरी दहा वर्षे घातली असावी असे दिसण्यासाठी कारखान्यात ती प्युमिस दगडांबरोबर धुतात किंवा विशिष्ट विकरांत भिजवतात. पूर्वी अनेक ठिकाणी ती वाळूच्या झोताने घासत असत. ही वाळू फार महाग पडली. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि या रोगावर औषध नाही. तुर्कस्तानमध्ये बंद, कोंदट खोल्यांत हे काम करणारे तरुण कामगार या रोगाने दगावू लागले आणि २००९ साली त्या देशाने जीन्सच्या या वाळूकामावर बंदी घातली. जीन्सची खोटी झीज त्यांच्या फुप्फुसांच्या खऱ्या झिजेतून आली होती.

खिशाला लागणारी झीज

शब्दांची गंमत पुस्तकात राहिली तर कुणाचे काही बिघडत नाही. पण ‘वेअर अँड टेअर’ हे शब्द कायद्याच्या कागदावर आले की त्यांच्यामागे रक्कम असते. यातला ‘टेअर’ म्हणजे फाटणे. स्पेलिंग तेच ठेवून ‘टिअर’ असा उच्चार केला की त्याचा अर्थ होतो अश्रू. अनामत रक्कम परत मिळत नाही तेव्हा हा दुसरा उच्चारही चालून जावा.

भारतात मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम १०८ नुसार, वेगळा करार नसेल तर, भाडेकरूने जागा जशी घेतली तशीच चांगल्या स्थितीत परत करायची असते. मात्र वाजवी वापरामुळे होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती यांमुळे झालेला बदल त्यातून वगळलेला आहे. हीच ती ‘रीझनेबल वेअर अँड टेअर’. वाजवी म्हणजे किती, याचे मोजमाप कायद्यात नाही. पण समजूत साधारण अशी आहे. तीन वर्षांत भिंतीचा रंग उडाला, दाराची कडी सैल झाली, येण्याजाण्याच्या वाटेवर फरशीची चकाकी गेली, तर ती झीज. बेसिन फुटले, दाराला भोक पडले, ओट्याचा दगड तडकला, तर ते नुकसान. पहिल्याचा भार घरमालकाचा, दुसऱ्याचा भाडेकरूचा. बेंगळुरूसारख्या शहरात घर सोडताना रंगासाठी म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची पद्धत सर्रास आहे. करारात तसे लिहून सही केली असेल, तर नंतर ‘ही तर नैसर्गिक झीज होती’ असे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. नोकरीसाठी परगावी जाणाऱ्या मुलामुलींनी सही करण्यापूर्वी ही एकच ओळ नीट वाचली, तरी पुष्कळ वाद टळतील. आणि राहायला जाण्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवले, तर ते आणखी बरे.

विम्यात या शब्दाचा रोख उलटा असतो. तिथे झीज ही भरपाईतून वगळायची गोष्ट आहे. विमा अचानक घडणाऱ्या घटनेचा असतो, हळूहळू होणाऱ्या गोष्टीचा नसतो. गाडी झाडावर आदळली तर भरपाई मिळते, क्लचप्लेट झिजली तर मिळत नाही. इतकेच नव्हे, तर अपघातात जो भाग बदलावा लागतो, त्याचीही आधीची झीज हिशेबात धरतात. मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात, फायबर ग्लासच्या भागांतून ३० टक्के, काचेतून काहीच नाही. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जाते. आजकाल बंपर प्लॅस्टिकचाच असतो, त्यामुळे साध्या धडकेनंतरचे बिल पाहून मालकाला दुसरा धक्का बसतो. ही कपात टाळणारे ‘झिरो डेप्रिसिएशन’ संरक्षण जादा हप्त्यात मिळते. पण ते घेतले तरी झिजलेली क्लचप्लेट झिजलेलीच राहते.

वॉरंटीचेही असेच. मिक्सरच्या मोटरला वॉरंटी असते, पण कार्बन ब्रश, कपलर, कुकरची रबरी रिंग हे झिजण्यासाठीच बसवलेले भाग आहेत, ते साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. हिशेबनीस मंडळींनी या सगळ्याला मराठीत फार नेमका शब्द दिला आहे, ‘घसारा’. यंत्र घासले जाते, म्हणून दरवर्षी हिशेबातून त्याची किंमत घसाऱ्याने कमी करायची. इंग्रजीतल्या ‘डेप्रिसिएशन’मध्ये नुसती किंमत उतरते. ‘घसारा’ म्हटले की ती का उतरली तेही कळते.

इंजिनिअरांनी तर या झिजेचे स्वतंत्र शास्त्रच केले आहे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला, की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर देशाच्या उद्योगांचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ असे नाव त्याच अहवालाने रूढ केले. घरच्या मोटारीत या शास्त्राची एक खूण कुणालाही पाहता येते. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा.

गुडघा म्हणजे टायर नव्हे

‘वेअर’ या शब्दाने सर्वांत मोठा गोंधळ मात्र डॉक्टरांच्या खोलीत केला आहे. गुडघेदुखीने आलेल्या रुग्णाला ‘वेअर अँड टेअर’ किंवा मराठीत ‘गुडघ्याची झीज’ असे सांगितले जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने हे चटकन समजावे म्हणून वापरलेले सोपे शब्द असतात. घरी परतलेल्या रुग्णाच्या मनात मात्र टायर येतो. जितका चालवू तितका झिजणार! मग आई सकाळचे फिरणे बंद करतात, देवळाच्या पायऱ्या टाळतात, बाजारात जायचे काम सुनेकडे जाते. सहा महिन्यांत वजन वाढते, मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि गुडघा पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागतो. त्यावरून ‘झीज वाढली’ असा निष्कर्ष निघतो आणि चालणे आणखी कमी होते.

गुडघ्यातली कूर्चा रबर नाही, ती जिवंत ऊती आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि चालताना दाब पडतो व सुटतो, त्या हालचालीने हा द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. म्हणजे बेताच्या हालचालीने कूर्चा नुसती झिजत नाही, ती पोसलीही जाते. ऑस्टिओआर्थ्रायटिस या आजारात कूर्चा पातळ होते हे खरे. पण त्यात सांध्याच्या अस्तराचा दाह, हाडातले बदल, स्नायूंची दुर्बलता, वाढलेले वजन आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, हे आता वैद्यकशास्त्र मानते. एक्स-रेमध्ये दिसणारे बदल आणि प्रत्यक्ष दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. फोटोत गुडघा बराच बिघडलेला दिसूनही मजेत चालणारी माणसे असतात, तसेच फोटो बरा असून बेजार झालेलीही असतात. म्हणूनच आजच्या उपचारपद्धतीत मांडीच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम, झेपेल तितके चालणे आणि गरज असेल तर वजन कमी करणे, या गोष्टी औषधांच्या आणि शस्त्रक्रियेच्या आधी येतात. गुडघा अचानक सुजला, लाल व गरम झाला, अडकू लागला किंवा रात्री झोपेतही दुखू लागला, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवायला हवे. व्यायाम कोणता आणि किती, हेही त्यांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावे. सुरुवातीला थोडे दुखते. त्या दुखण्याचा अर्थ गुडघा घासला जातो आहे असा नसतो, हे त्यांनी रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

काही देशांत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आता ‘वेअर अँड टेअर’ हे शब्द रुग्णासमोर वापरणे जाणीवपूर्वक टाळू लागले आहेत. मराठीत ‘झीज’ला पर्याय काय, हा प्रश्न आहेच. ‘सांध्याचा आजार’ म्हटले तर फार मोघम वाटते, ‘संधिवात’ म्हटले तर लोकांना दुसराच, बोटे वाकडी करणारा वात आठवतो. तोवर निदान एवढे करता येईल. डॉक्टरांनी ‘झीज आहे’ असे सांगितले की आईंबरोबर गेलेल्या मुलाने किंवा सुनेने खुर्चीतून उठण्याआधी पुढचा प्रश्न विचारावा, “मग यांनी रोज किती चालायचे?”